बॅटरी फुल दाखवते, पण कॅमेरा सुरू होताच बंद पडतो: दोष बॅटरीचा की कॅमेऱ्याचा?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी: चार्जरचा दिवा बॅटरी भरल्याचं सांगतो, कॅमेरा सुरू केला की लेन्स अर्धवट बाहेर येते आणि स्क्रीन काळी पडते, मध्येच कधी कॅमेरा सुरूच होत नाही. नवी बॅटरी घ्यावी की कॅमेरा दुरुस्तीला द्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझा पहिला संशय बॅटरीवर आहे, पण पैसे घालायच्या आधी घरच्या घरी खात्री करून घेता येते.

चार्जरचा दिवा फक्त व्होल्टेज वर गेल्याचं सांगतो, बॅटरीत दम किती उरलाय हे त्याला कळत नाही. लिथियम-आयन सेल साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाला की त्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. अशी एका सेलची बॅटरी नुसती ठेवली तर ४.२ व्होल्ट दाखवते. लेन्सची मोटर फिरायला लागली की करंट झटकन वाढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. थोडा वेळ गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, म्हणून दुसऱ्यांदा सुरू केल्यावर बॅटरीचं चिन्ह परत भरलेलं दिसतं.

आता एक सोपी चाचणी. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत पॉवरऐवजी प्लेबॅकचं बटण दाबून धरलं की लेन्स बाहेर न येता कॅमेरा सुरू होतो. तसा सुरू करून दहा-पंधरा मिनिटं फोटो बघत राहा. तो व्यवस्थित चालला आणि शूटिंगवर नेताच पडला, तर दोषी दोघांपैकी एक: दमलेली बॅटरी किंवा अडकलेली लेन्स. लेन्स अडकली असेल तर ती दर वेळी त्याच जागी थांबते, करकर आवाज येतो आणि बहुधा लेन्स एररचा संदेश दिसतो. बॅटरी कमजोर असेल तर लेन्स कधी इथे, कधी तिथे थांबते आणि नुकतीच चार्ज केलेली, कोमट बॅटरी घातली की थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं. थंडीत मात्र धडधाकट बॅटरीही मान टाकते. तेव्हा ही चाचणी घरातल्या तापमानालाच करा.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर बॅटरीचे प्लस आणि मायनस मोजा. ३.६ किंवा ३.७ व्होल्ट छापलेली, म्हणजे एका सेलची बॅटरी चार्जरमधून काढल्या काढल्या ४.१ ते ४.२ दाखवायला हवी, ७.२ किंवा ७.४ वाली, म्हणजे दोन सेलची, ८.२ ते ८.४. आकडा ठीक आला तरी तेवढ्यावर थांबू नका, लोड देऊन, म्हणजे बॅटरीतून करंट ओढून बघा. एका सेलच्या बॅटरीला १० ओहम, दोन सेलवालीला २२ ओहम, दोन्ही ५ वॅटचे रेझिस्टर. तो प्लस आणि मायनसमध्ये पाच सेकंद लावा आणि त्याच वेळी व्होल्टेज वाचा. रेझिस्टर तापतो, बोटांनी धरू नका. चांगल्या सेलचं व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतं. प्रत्येक सेलमागे अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त कोसळलं, तर ती बॅटरी गेली. मीटरवर शून्य आलं तर बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने पुरवठा तोडलेला असतो. कधी कधी चार्जरला लावल्यावर ती परत उठते. फुगलेली बॅटरी मात्र दाबून बसवायची नाही आणि चार्जही करायची नाही. कप्प्यातून बाहेर यायला ती अडत असेल तर तोच फुगल्याचा पुरावा.

‘कधी सुरूच होत नाही’ याचं कारण वेगळं असू शकतं. बॅटरीच्या झाकणाच्या कडेला प्लास्टिकचं छोटं टोक असतं. झाकण लागलं की ते बॉडीतल्या बारीक खाचेत शिरून स्विच दाबतं. ते टोक मोडलं किंवा झिजलं तर कॅमेऱ्याच्या लेखी झाकण उघडंच. झाकण अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि पॉवर द्या. चालू झाला तर दोष सापडला.

मग कॉन्टॅक्ट, म्हणजे बॅटरी आणि कॅमेरा जिथे जोडले जातात त्या धातूच्या पट्ट्या. बॅटरी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला इअरबड बॅटरीच्या आणि कप्प्यातल्या कॉन्टॅक्टवर फिरवा, पाच मिनिटं वाळू द्या. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. कप्प्यातल्या पट्ट्या लाकडी टूथपिकने हलकेच दाबून बघा, प्रत्येक पट्टी परत वर आली पाहिजे. एक जरी खाली रुतलेली राहिली, तरी लेन्स हलताना बसणाऱ्या हादऱ्याने संपर्क तुटतो.

कॅमेरा एए सेलवर चालणारा असेल तर सगळ्यात आधी सेल बदला. साधे झिंक-कार्बन सेल इथे निरुपयोगी, अल्कलाइनही लोडखाली लवकर बसतात. १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल छापील आकडा कमी असूनही जास्त टिकतात. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो बरोबर निवडा, नाहीतर भरलेले सेलही संपलेले दिसतात. जुने-नवे एकत्र घालू नका. अल्कलाइन गळून पांढरा थर धरला असेल तर व्हिनेगरचा जेमतेम ओला बोळा, नंतर अल्कोहोल.

बंद ठेवलेला कॅमेरा बॅटरी पीत असेल तर दोन सारख्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, एक आत आणि एक बाहेर दोन दिवस ठेवा, मग तुलना करा. आतली स्पष्टपणे उतरली असेल तर वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस बंद करून आणि मेमरी कार्ड काढून तोच प्रयोग पुन्हा करा. बिघडलेलं कार्डही कॅमेऱ्याला पूर्ण झोपू देत नाही. बंद केल्यावर कार्डचा दिवा लुकलुकत राहतो का, तेवढं पाहा.

एवढं करूनही चांगल्या बॅटरीवर, स्वच्छ कॉन्टॅक्टवर कॅमेरा मेलेलाच असेल, तर फ्यूज किंवा पॉवर बोर्डचं काम आहे. फ्लॅश असलेला कॅमेरा स्वतः उघडू नका. त्यातला कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. दुरुस्तीवाल्याला लोडवरचं व्होल्टेज, लेन्स कुठे थांबते आणि प्लेबॅकवर कॅमेरा किती वेळ चालतो, हे लिहून द्या.