मशीन कुठलं घेऊ? आधी मेडिक्लेम बघा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): वय ३६, राहणार वाघोली, पुणे. एका हाउसकीपिंग कंपनीत साइट सुपरवायझर आहे, हातात ३१ हजार येतात. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी दुसरीत आहे. नोकरी सोडून सोसायट्यांच्या लॉनची देखभाल करण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. बजेट दीड लाख. ९० हजार साठलेत, बाकी ६० हजारांसाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत का? लॉनमोअर पेट्रोलचा घ्यावा की इलेक्ट्रिक? सध्या जिथे ड्यूटी आहे त्या तीन सोसायट्यांनी महिना ६ हजारांचा शब्द दिलाय. वर्षात दहा झाल्या की महिना ६० हजार. जानेवारी २०२४ मध्ये विमा काढलाय, वर्षाला ६० हजार, दोन हप्ते भरले. एजंट म्हणतात, तिसरा भरला की पॉलिसीवर कर्ज मिळेल, भांडवलाचं काम होईल. शुगरची गोळी दीड वर्षापासून चालू आहे, पण मेडिकल (आरोग्य विमा) कंपनीचं आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. मेडिकल कंपनीचं आहे आणि तुम्ही कंपनीच सोडताय. नोकरीचा शेवटचा दिवस संपला की ते कव्हर संपलं. त्यानंतर बाजारात नवी पॉलिसी घ्यायला जाल तेव्हा शुगर हा 'आधीपासूनचा आजार' धरला जाईल आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून मशीनचं कोटेशन बाजूला ठेवा आणि एचआरकडून ग्रुप पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची आहे ते विचारून घ्या. नोकरी सोडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. पण अर्ज कव्हर चालू असतानाच करायचा, शेवटच्या दिवसाच्या निदान दीड महिना आधी, तोही लेखी. विमा कंपनी तपासण्या मागेल, करून घ्या. शुगर लपवू नका. लपवलेली शुगर क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या केसपेपरवर हमखास सापडते.

तिघांसाठी दहा लाखांचा फ्लोटर (एकच कव्हर, सगळ्यांनी मिळून वापरायचं) वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल असं धरा.

दुसरी गोष्टही नोकरीत असतानाच उरका: टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला, फक्त माघारी घरच्यांना पैसे देणारा विमा. आज तुमच्याकडे सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ आहे. व्यवसायात शिरलात की तीच विमा कंपनी दोन-तीन वर्षांची आयकर रिटर्न्स मागेल, आणि पहिल्या वर्षीच्या तुमच्या रिटर्नवर कोणी पन्नास लाखांचं कव्हर देणार नाही. शुगरमुळे हप्ता चढा लागेल, पन्नास लाखांना दहा ते पंधरा हजार धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

आता ती ६० हजारांची पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानावर विमा रक्कम ६ लाख आहे. घरखर्च २५ हजार धरला तर तुमच्या माघारी हे पैसे दोन वर्षं पुरतील, तेव्हा मुलगी चौथीत असेल. बारा वर्षं हप्ते भरा, विसाव्या वर्षी 'अंदाजे १२ लाख' घ्या, असं एजंटने पेनने लिहून दिलंय. म्हणजे भरायचे ७ लाख २० हजार आणि परतावा वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हेच हप्ते पीपीएफमध्ये गेले असते आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर विसाव्या वर्षी २० लाखांच्या घरात असता. ८ लाखांचा फरक आहे, आणि तो 'बचतही, विमाही' या दोन शब्दांना विकला गेलाय.

कर्जाची युक्ती तर त्याहून वरची. तुमच्यासारख्या पारंपरिक पॉलिसीत तीन हप्त्यांनंतर हमीची किमान सरेंडर किंमत (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम) भरलेल्या पैशाच्या ३५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांवर ६३ हजार. कर्ज त्याच्या ८०-९० टक्के, म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार. जानेवारीत खिशातले ६० हजार द्यायचे आणि त्यातलेच पंचावन्न हजार व्याजाने परत आणायचे. याला भांडवल म्हणत नाहीत. एजंटचं कमिशन मात्र चालू राहतं.

तिसरा हप्ता भरू नका. आज सरेंडर केली तर हमीचे किमान ३० टक्के, म्हणजे ३६ हजार मिळतील. नेमका आकडा शाखेतून लेखी घ्या, थोडा जास्तही असू शकतो. पेड-अप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच राहू दिली, तर विमा रक्कम दोन-बारांश, म्हणजे लाखभर, अधिक जमलेला बोनस, पण अठरा वर्षांनी. गणितात दोन्हींत फार अंतर नाही. तुम्हाला हाताशी पैसा हवाय, म्हणून मी सरेंडर म्हणेन. मात्र टर्मची पॉलिसी हातात पडेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही नको. ८४ हजार बुडाले हे कडू आहे, पण पुढचे दहा हप्ते भरून ते परत येत नाहीत.

जानेवारीचे ६० हजार असे वाचले. त्यातून मेडिक्लेम आणि टर्म दोन्ही होऊन वीसेक हजार उरतात. सरेंडरचे ३६ हजार घरखर्चासाठी वेगळ्या खात्यात टाका. दागिने गहाण टाकायची गरजच नाही.

आता धंद्याचं गणित. दहा सोसायट्या गुणिले ६ हजार ही जमा आहे, नफा नाही. चार हजार चौरस फुटांचं लॉन घ्या. मशीनचं काम तीन तास, शिवाय कडा आणि झाडलोट. एका फेरीला मदतनीस ७००, दोन लिटर पेट्रोल २००, मशीनमधली गवत कापणारी नायलॉन दोरी आणि झीज १५०, कापलेलं गवत उचलून न्यायला टेम्पो ३००. झाले १,३५०. हिवाळ्यात महिन्याला दोन फेऱ्या पुरतात, ६ हजारांतून ३,३०० उरतात. जून ते सप्टेंबर मात्र गवत आठ-दहा दिवसांत वीतभर होतं आणि सेक्रेटरी फोन करतो. चार फेऱ्या झाल्या की ५,४०० खर्च, हातात ६००. तीन सोसायट्यांचे मिळून १,८०० रुपये, तेही भर हंगामात.

तेव्हा करारात फेऱ्या मोजून लिहा: ६ हजारांत दोन, पुढची प्रत्येक १,८००. लव्हाळ्याची खुरपणी वेगळ्या दराने, कारण लव्हाळा हे तण मशीनने कापून जात नाही, गाठीतून पुन्हा फुटतो. खत, निंबोळी पेंड आणि हुमणीचं (मुळं खाणाऱ्या अळीचं) औषध सोसायटीच्या खर्चाने. एप्रिल-मेमध्ये टँकर बंद करून लॉन वाळलं तर जबाबदारी तुमची नाही, हेही लिहा. असा करार असेल तर दहा सोसायट्यांवर महिना ३३ ते ४२ हजार पडतात, म्हणजे आजच्या पगाराइतके. दहा व्हायला वर्ष लागेल. आणि बिलाचा चेक कमिटीच्या मीटिंगनंतर, दीड-दोन महिन्यांनी निघतो, मदतनिसाला मात्र शनिवारी रोख हवी असते. तुमच्या ९० हजारांतले ४५ हजार या फटीसाठी लागतील.

त्या तीन सोसायट्या तुमच्या कंपनीच्या ग्राहक आहेत. नेमणूकपत्र काढून बघा, कंपनीचं गिऱ्हाईक परस्पर घ्यायला किंवा दुसरं काम करायला बंदीचं कलम बहुतेक असेल. शिवाय शब्द देणारी कमिटी वार्षिक सभेत बदलू शकते. दुसऱ्या कामाला बंदी नसेल तर सुट्टीच्या दिवशी बाहेरचे चार-पाच बंगले धरा आणि एक पावसाळा काढा. राजीनामा त्यानंतर. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी कोणाला दोन हजार देऊ नका. जीएसटीचा प्रश्न वर्षाला २० लाखांच्या पुढे.

मशीन: मोअर सध्या कुठलाच नको. इलेक्ट्रिकला पार्किंगमधल्या प्लगपासून पन्नास मीटर वायर ओढावी लागते, ती पात्याखाली येते, आणि ओल्या गवतात वीज नकोच. सोसायट्यांची लॉन तुकड्या-तुकड्यांची, कडेला झाडं, उतार; तिथे ब्रश कटरच चालतो, म्हणजे खांद्याला अडकवून फिरवायचं गवत कापायचं यंत्र. फोर-स्ट्रोक, ३५ सीसीचा घ्या. टू-स्ट्रोक स्वस्त पडतो, पण मदतनिसाने पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं की पिस्टन जाम. तुमच्या कोटेशनमध्ये तो २५ हजारांना आहे, ठीक आहे. पहिलं ऑइल दहा तासांनी बदला. गॉगल, पायांचे गार्ड, दाताळं, कात्री आणि दोन बांबूंना लावलेली हिरवी शेडनेट यांना आणखी आठ हजार. ती नेट मदतनिसाने गाड्यांच्या बाजूला धरायची. नायलॉन दोरीने उडालेला खडा पंधरा मीटरपर्यंत लागू शकतो आणि गाडीच्या एका पुढच्या काचेत त्या सोसायटीची तीन महिन्यांची कमाई जाते. कापणीच्या दिवशी लॉनलगतच्या गाड्या हलवण्याची जबाबदारी सोसायटीची, हे कलम सहीच्या आधी घालून घ्या.