कोनिकल घेताना आधी खालचा व्हॉल्व्ह बघ

भावा, घरी बिअर करायला कोनिकल, म्हणजे बिअर आंबवायचं शंकूच्या बुडाचं स्टीलचं भांडं, कसं घ्यावं ते सांगतो. तू मेलबर्नला आहेस म्हणून मोकळेपणाने सांगतोय. इथे बेळगावात परवान्याशिवाय घरी बिअर केलीस तर अबकारीवाले दारात येतील की.

आपण इथल्या उद्यमबागेच्या कारखानी भागातल्या फाउंड्र्या बघत वाढलेले, जाड चकचकीत स्टील दिसलं की हुरळतो. मीही मेलबर्नला असताना तसाच हुरळलो आणि पहिल्या भांड्याला साधा बॉल व्हॉल्व्ह (आत भोकाचा गोळा फिरतो तो) घेतला. त्याच्या पोटात यीस्टचा गाळ अडकून राहायचा, तीन बॅच आंबट झाल्या. चौथ्या वेळी खोलून बघितलं, तर आत काळा चिकटा! म्हणून बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आत चपटी चकती फिरते तो) घे, किंवा निदान पूर्ण सुटा होणारा बॉल व्हॉल्व्ह. जोड ट्राय-क्लॅम्पचे, म्हणजे बाहेरून पकडीने आवळायचे, असावेत. आट्यांच्या जोडात घाण बसते.

बाकी थोडक्यात:
- शंकूचा कोन ६० अंशांच्या आसपास हवा. उथळ असला की गाळ भिंतीलाच चिकटून बसतो.
- २० लिटरच्या बॅचला २७-३० लिटरचं भांडं घे, फेसाला वर जागा लागते.
- झाकण एवढं मोठं असावं की हात आत जाईल.
- थर्मामीटर आत घालायची नळी हवीच. एल (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) करायचं यीस्ट बहुतेक १८-२० अंशांना खूश असतं. पैसे उरले तर आधी थंड ठेवायची सोय कर.

प्रेशरवालं भांडं, साइट ग्लास (आतलं बघायची काच), फिरणारी रॅकिंग आर्म (गाळाच्या वरची बिअर काढायची नळी) सध्या राहू दे. पाच-सहा बॅच झाल्या की विचार, मग सांगतो.