मतदानाआधीचा हप्ता आणि उमेदवाराची अपात्रता

प्रश्न : २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी माझ्या पत्नीच्या खात्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे ७,५०० रुपये जमा झाले. उमेदवाराच्या माणसाने पाचशेची नोट हातावर ठेवली तर ती लाच. मग सरकारी तिजोरीतून ऐन निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटणाऱ्या पक्षांचे उमेदवार अपात्र का ठरत नाहीत? आणि ते पैसे घेतले म्हणून माझी पत्नीही दोषी ठरते का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नातील अस्वस्थता मला रास्त वाटते, म्हणून आधी तारखा पाहू. योजना २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्यावर, रक्षाबंधनाच्या तोंडावर, पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये जमा होऊ लागले. त्या दिवसांत आमच्या भागातील बँकेसमोर पासबुक आणि आधार कार्ड पदराआड धरून पावसात उभ्या राहिलेल्या बायकांची रांग मी पाहिली आहे. त्यांतल्या कित्येकींच्या खात्यात स्वतःच्या नावावर पैसे येण्याची ती पहिलीच वेळ असावी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते मात्र ऑक्टोबरच्या पूर्वार्धातच एकत्र देण्यात आले, १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२३ नुसार लाच हा ‘भ्रष्ट आचार’ आहे. परंतु ती उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी, मत मिळवण्याच्या हेतूने दिलेली असली पाहिजे. विधिमंडळाने मंजूर केलेल्या निधीतून, ठरलेल्या निकषांनुसार, विरोधी पक्षाच्या मतदारालाही तितकीच मिळणारी रक्कम अमुक एका उमेदवाराने दिली असे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, कारण न्यायालय अशा आरोपाला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागते. जाहीरनाम्यातील आश्वासने भ्रष्ट आचारात मोडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तामिळनाडूतील प्रकरणात म्हटले होते. २०२२ मध्ये हा विषय फेरविचारासाठी तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

याहून मोठी अडचण ‘उमेदवार’ या शब्दाच्या व्याख्येत आहे आणि तिचा इतिहास आपण मुद्दाम लक्षात घ्यावा. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली आणि त्यांना सहा वर्षांसाठी अपात्र ठरवले, ते प्रचारसभांचे मंच आणि ध्वनिक्षेपकांची व्यवस्था सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतल्याबद्दल, तसेच सरकारी सेवेत असलेल्या यशपाल कपूर यांची मदत घेतल्याबद्दल. निवडणूक लढवण्याचा इरादा उघड केल्यापासून व्यक्ती उमेदवार ठरते, ही त्या वेळच्या कायद्यातील तरतूद या निकालात निर्णायक होती. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, ती व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून रीतसर नामनिर्देशन झालेली व्यक्ती तेवढी उमेदवार मानली गेली, आणि ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ती व्याख्या आजही कायम आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात अर्ज भरण्यास २२ ऑक्टोबरला सुरुवात झाली, म्हणजे आपल्या पत्नीचे पाचही हप्ते जमा झाले तेव्हा कायद्याच्या दृष्टीने एकही उमेदवार अस्तित्वात नव्हता.

आचारसंहिता लागल्यावर मात्र निवडणूक आयोग सरकारचे हात आवळू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेलंगणात ‘रयतु बंधू’ या शेतकऱ्यांना रोख मदत देणाऱ्या योजनेचे पैसे देण्यास आयोगाने दिलेली परवानगी, एका मंत्र्यांनी प्रचारात त्या वाटपाची जाहीर वाच्यता केल्यामुळे, मतदानाच्या तीन दिवस आधी मागे घेतली गेली.

माझ्या मते सरसकट अपात्रता हा यावरचा उपाय नव्हे. एका मंत्रिमंडळाच्या निर्णयाची शिक्षा प्रत्येक मतदारसंघातील उमेदवाराला देता येणार नाही. पण महाराष्ट्र विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ रोजी संपणार हे पाच वर्षे आधीपासून ठाऊक होते. तेव्हा मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत नवी रोख योजना सुरू करण्यास आणि पुढचे हप्ते आगाऊ देण्यास कायद्यानेच मनाई असली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. निवडून आलेल्याच्या निवडीला आव्हान देणारी निवडणूक याचिका कोणताही मतदार उच्च न्यायालयात करू शकतो, मात्र निकालापासून ४५ दिवसांत. ती मुदत ७ जानेवारी २०२५ रोजी संपली.

आपल्या पत्नीने कोणताही गुन्हा केलेला नाही. निकषांत बसून, अर्ज करून मिळालेला तो हक्काचा लाभ आहे आणि त्यामुळे त्यांचे मत कोणाकडेही गहाण पडत नाही. पुढच्या निवडणुकीत कोणी ‘आम्हाला मत दिले नाही तर हप्ता बंद होईल’ असे बजावले, तर तो मात्र मतदारावरील गैरवाजवी दबाव ठरतो. त्या वेळी बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि शक्य झाल्यास ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.