संकटात येशूवर विश्वास ठेवला की खरंच शांती मिळते का?

आई जाऊन दोन महिने झाले, तिच्या आजारपणाचं कर्ज डोक्यावर आहे, रात्री झोप नाही. त्यात एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, येशूवर विश्वास ठेव, शांती मिळेल. हे खरं असतं की नुसती मनाची समजूत, असं तुम्ही विचारलंय. मी जन्माने ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही), निवृत्त शिक्षिका. तेव्हा मला तुमच्या मैत्रिणीच्या बाजूची साक्षीदार धरा. पण साक्षीदाराला खरं सांगावं लागतं.

२०१५ साली माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. पाणी मोजून. उन्हाळ्यात तहान लागली की मी त्यांना बर्फाचा एक खडा द्यायचे, तो ते पेढ्यासारखा चघळत बसायचे. नारळपाणी बंद, भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. घरात रोज प्रार्थना होतीच. शांती? पहिली दोन वर्षं अजिबात नाही. उलट शांत असल्याचं सोंग आणण्याचं एक काम वाढलं होतं. रविवारी उपासना सुटली की आवारात सगळे विचारायचे, "सर कसे आहेत?" मी म्हणायचे, "देवाची कृपा." आमच्यात हे उत्तर 'बरंय'सारखं तोंडात बसलेलं असतं. मनात मात्र चीड. ती चीड म्हणजे विश्वास कमी असल्याची खूण, असं वाटून वर आणखी अपराधी वाटायचं.

त्यात भेटायला येणारे. एक जोडपं चहा पिऊन म्हणालं, घरात कुठलं कबूल न केलेलं पाप राहिलंय का, तपासा. बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर ते बरोबर होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून समजवायला लागले. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. ही गोष्ट मी शाळेतल्या मुलांना कितीदा सांगितली असेल. माझ्याच सोफ्यावर ते मित्र येऊन बसतील असं वाटलं नव्हतं.

बदल झाला तो एका साध्या दुपारी. आमच्याकडे नवीन पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले होते, माझ्या मुलाच्या वयाचे. मी बटाटे भिजत घालत होते. अशा भेटीत बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, तेविसावं स्तोत्र वाचतात, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ते. मी हात पुसून तयारीत बसले. त्यांनी काढलं अठ्ठ्याऐंशीवं. स्तोत्रसंहितेत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचा सूर शेवटाकडे वळतो, देवाची स्तुती येते. हे एक वळत नाही. रात्रंदिवस हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, असं म्हणत म्हणत ते अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हेसुद्धा देवाने आपल्या पुस्तकात राहू दिलंय." चहा घेतला आणि गेले.

त्या रात्री मी गच्चीवर जाऊन देवाशी भांडले. अगदी मोठ्याने, एकेरीवर येऊन. तसं मराठीत आम्ही देवाला 'तू'च म्हणतो. नंतर झोप लागली. याला चमत्कार म्हणू नका, रडून दमलेल्या माणसाला झोप लागतेच. पण सकाळी उठल्यावर एक कळलं, सोंगाचं ओझं गेलं होतं. दुखणं तिथंच, खर्च तिथंच. फक्त ज्याच्यापुढे शांत असल्याचं दाखवत होते, त्याला सगळं आधीच ठाऊक होतं.

येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं, ते बायबलमध्ये आहे, त्यात बुद्धीच्या पलीकडची शांती तुमची मनं 'राखील' असं म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे म्हणतात. मला तो वडिलांच्या राखणीवरून कळला. ज्वारी हुरड्यात आली की ते रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला जायचे. ते माळ्यावर आहेत म्हणून रानडुकरं यायची थांबत नसत. यायचीच. पण कुणीतरी जागं आहे, एवढ्यावर आम्ही घरात झोपायचो. मला जी शांती मिळाली ती या जातीची. डुकरं नाहीशी होण्याची नव्हे.

कारण मिस्टर गेले. २०१९ मध्ये, पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी खूप रडले, आणि या वेळी कुणी 'रडू नका, ते प्रभूजवळ आहेत' म्हटलं की सरळ सांगायचे, मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या थडग्यापाशी येशूही रडला होता, आणि पाच मिनिटांनी आपण त्याला मेलेल्यातून उठवणार हे माहीत असून रडला होता.

दोन गोष्टी स्पष्ट सांगते. कुणी शांतीच्या नावाखाली औषध बंद करायला सांगितलं, किंवा अमुक इतकं दान दिलं की कर्ज फिटेल म्हणालं, तर तिथून उठा. आणि दोन महिने झोप नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. माझ्याही गोळ्या वर्षभर चालू होत्या, प्रार्थनेला त्यांची अडचण झाली नाही.

तुम्ही ख्रिस्ती व्हावं म्हणून हे लिहीत नाही. तो निर्णय दुःखाच्या भरात घ्यायचा नसतो. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं नाव आमच्याकडे घरातल्या आजीसारखं घेतात. नवऱ्याचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, १८९५ चा, त्यांचा स्वतःचा १९०० चा. मधली वर्षं धक्का, ताटातूट, राग यांत गेली. त्यांनी घाई केली नाही, तुम्हालाही कुणी करायला लावू नये. वाटलंच तर ते अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र एकदा मोठ्याने वाचून पाहा. आईवरचा, दवाखान्यावरचा, देवावरचा राग त्यात बसतो का बघा. त्यासाठी चर्चची पायरीही चढावी लागत नाही.

आणि मैत्रिणीला सांगा, मोबाईलवर वचनं पाठवू नकोस. संध्याकाळी डबा घेऊन ये आणि गप्प बसून राहा.