"मला आता कुणी खातं देईल का?"

"जुन्या बँकेनं खातं बंद केलं, त्यावर पैसे बाकी होते. आता कुठलीच बँक दारात उभं करत नाही. क्रेडिट युनियन तरी घेईल का?" हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकू येतो. (क्रेडिट युनियन म्हणजे अमेरिकेतली सभासदांच्या मालकीची, बँकेसारखी संस्था.) विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा खालचा असतो. पैशापेक्षा लाजेचं ओझं जास्त असतं त्या आवाजात. उत्तर म्हणून एका ताईंची हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत एका ना-नफा संस्थेत आर्थिक समुपदेशन करते. ताई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, वय चाळिशीच्या पुढे, ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात कामाला. नवरा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात निघून गेला होता. त्या आल्या तेव्हा खुर्चीत नीट टेकल्याही नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, माझी पत गेली. चार बँका फिरले. मशीनमध्ये नाव टाकतात आणि नाही म्हणतात. पोलिसांत काही नोंद झालीय का माझी?"

आपल्या भाषेत पत हा एकच शब्द आहे. गावातली अब्रूही तीच आणि उधारीची लायकीही तीच. त्यामुळे बँक नाही म्हणाली की आपल्या माणसाला वाटतं, आपल्या चारित्र्यावरच शेरा बसला. त्या दिवशी पहिला अर्धा तास मी एवढंच समजावत होते, की खात्यात पैसे कमी पडणं ही दिवाणी बाकी आहे, गुन्हा नाही. जाणूनबुजून खोटे चेक लिहिणं, फसवणूक करणं ही वेगळी बाब. त्यांच्याकडून तसं काहीही झालेलं नव्हतं.

मग मशीनमध्ये दिसतं तरी काय? अमेरिकेत चेक्ससिस्टम्स नावाची एक संस्था आहे. खात्यावर बाकी ठेवून खातं बंद झालं की बँका आणि क्रेडिट युनियन तिथे कळवतात आणि नवं खातं उघडताना तिथेच डोकावतात. नोंद सहसा पाच वर्षं राहते. अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस ही त्याच प्रकारची दुसरी संस्था. या नोंदींचा तुमच्या क्रेडिट स्कोअरशी थेट संबंध नाही, कारण स्कोअर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडच्या माहितीवर ठरतो. बाकी वसुली कंपनीकडे गेली तर मात्र ती तिथेही उमटू शकते. ताईंचा स्कोअर बरा होता. हे कळल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. दोन वर्षं त्या स्वतःला 'क्रेडिट बुडालेली' समजत होत्या.

मी विचारलं, "चारही बँकांनी नाही म्हणताना हातात काही कागद दिला का?" त्यांनी फराळाचा एक रिकामा डबा पिशवीतून काढला. त्यात सगळे कागद घडी घालून ठेवलेले होते, एकही न वाचलेला. इंग्रजी वाचता येत होतं, पण धीर होत नव्हता. अशा अहवालावरून खातं नाकारलं, तर कुठल्या संस्थेच्या माहितीवरून नाकारलं हे बँकेला कळवावं लागतं. तो कागद मिळाल्यापासून ६० दिवसांत तो अहवाल फुकट मागता येतो. तसाही दर बारा महिन्यांनी एकदा फुकट मिळतोच. १९७०च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यामुळे हा हक्क आपल्याला आहे. आम्ही दोन्ही संस्थांकडे अहवाल मागितला. मी त्यांना एवढंच बजावलं, की अहवाल हातात येईपर्यंत पाचव्या बँकेत जायचं नाही. कशामुळे नाही म्हणतात तेच ठाऊक नसेल, तर दारोदार फिरून फक्त मन खचतं.

अहवालात दोन नोंदी निघाल्या.

पहिली नोंद नवऱ्याबरोबरच्या संयुक्त खात्याची, बाकी ४१२ डॉलर. ताई म्हणाल्या, "पैसे त्यांनी काढले, मी कशाला भरू?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर देताना मला वाईट वाटलं. संयुक्त खात्यात पैसे कुणीही काढले तरी बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण बाकीला बांधील असतात. घटस्फोटाच्या निकालात बाकी नवऱ्याच्या माथी टाकली असली, तरी बँकेला तो निकाल बांधत नाही. म्हणून नातं तुटायच्या बेतात असेल, तर वकिलाच्या आधी बँकेत जा आणि संयुक्त खातं बंद करा किंवा निदान त्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमा थांबवा, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

त्या ४१२चा हिशोब आम्ही जुन्या स्टेटमेंटवरून मांडला. खरी तूट होती ९७ डॉलरची. नवऱ्याच्या दोन-तीन वर्गण्या (सबस्क्रिप्शन) त्या रिकाम्या खात्यातून वळत्या होत राहिल्या. नऊ वेळा बँकेनं स्वतःच पैसे भरले आणि दर वेळी ३५ डॉलर दंड लावला. नऊ पस्तीस तीनशे पंधरा. आकडे कागदावर एकाखाली एक आले तशा ताई पहिल्यांदा ताठ बसल्या. "म्हणजे मी चारशे डॉलर खाल्ले नाहीत," त्या म्हणाल्या. ते वाक्य मला अजून आठवतं.

दुसरी नोंद होती १८० डॉलरची, त्यांच्या एकटीच्या खूप आधीच्या एका खात्यावरची. ती बाकी त्यांनी वसुली कंपनीला मनी ऑर्डरनं कधीच फेडली होती. पावती त्याच डब्यात सापडली. तरी अहवालात 'बाकी' असंच लिहिलेलं. इथे आम्ही चेक्ससिस्टम्सकडे लेखी हरकत घेतली आणि पावतीची प्रत जोडली. हरकत आली की त्यांना साधारण ३० दिवसांत चौकशी करावी लागते. त्या मुदतीत नोंद दुरुस्त झाली आणि 'फेडलेली' असं लागलं.

पहिल्या बाकीसाठी आम्ही बँकेच्या वसुली विभागाला फोन केला. मी शेजारी बसले, पण बोलायला ताईंनाच लावलं. खातं त्यांचं होतं. तीन फोन झाले, दोनदा नकार आला. तिसऱ्या वेळी एका बाईंनी हिशोब नीट ऐकला आणि पाच दंड माफ केले. राहिले २३७ डॉलर. ताईंनी लगेच पर्स उघडली, मी हात धरला. आधी पत्र, मग पैसे. एवढी रक्कम भरल्यावर बाकी पूर्ण मिटेल आणि चेक्ससिस्टम्सला तसं कळवू, असं लेखी आल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही. तोंडी कबुली देणारा माणूस पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीत असेलच असं नाही. पत्र आलं. १२० आणि ११७ अशा दोन हप्त्यांत त्यांनी रक्कम फेडली. नोंद पूर्णच काढून टाका अशीही विनंती आम्ही केली होती. ती बँकेनं मानली नाही, आणि खरी नोंद काढण्याचं बंधन तिच्यावर नाहीही. पैसे भरले की नोंद पुसली जाते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ती पाच वर्षं होईपर्यंत राहते, फक्त 'बाकी'ची 'मिटलेली' होते. पण समोर बसलेला माणूस वाचणार असेल, तर या एका शब्दानं खूप फरक पडतो.

आणि तो फरक क्रेडिट युनियनमध्ये जास्त जाणवतो, असा माझा अनुभव आहे. ताईंना मी समजावायला लागले, की ही बँकेसारखीच सेवा देते पण मालक सभासद असतात, पाच डॉलरचा भाग घेतला की सभासद होता येतं, ठेव कितीही असो मत एकच. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे आपली पतसंस्था की! आमचे अण्णा सोसायटीचे सभासद होते." मग मीही त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला फार आवडते. बॉस्टनचे एक व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ साली भारतात फिरले. बंगालमधल्या खेड्यांत त्यांनी सहकारी पतपेढ्या पाहिल्या आणि भारावून गेले. परत गेल्यावर त्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला, आणि १९०९मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात क्रेडिट युनियनचा कायदा झाला. ती कल्पना जर्मनीतून भारतात आलेली, हे खरं. पण अमेरिकेतल्या या चळवळीच्या वाटेवर आपली खेडीही आहेत. ताई हे ऐकून हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण लगेच चेहरा उतरला. त्यांच्या चुलत्यांचे पैसे गावाकडच्या एका पतसंस्थेत अडकलेले. "बुडाली तर?" भीती खोटी नव्हती. भारतात बँकांच्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थांच्या ठेवींना तो नाही. इथे मात्र एनसीयूए या सरकारी यंत्रणेचा विमा असलेल्या क्रेडिट युनियनमध्ये प्रत्येक सभासदाच्या २,५०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित असतात. काही राज्यांत फक्त खाजगी विमा असलेल्या क्रेडिट युनियनही आहेत, म्हणून दारावर एनसीयूएची पाटी आहे ना हे आधी बघायचं.

कुठल्याही क्रेडिट युनियनमध्ये कुणालाही जाता येत नाही. एखाद्या कंपनीचे कामगार, एखाद्या संघटनेचे सदस्य, किंवा एखाद्या काउंटीत राहणारे, काम करणारे, शिकणारे, प्रार्थनेला जाणारे, अशी ज्याची त्याची हद्द ठरलेली असते. ताई काउंटीत राहतही होत्या आणि कामही करत होत्या, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी त्यांना हक्क होता. अर्ज भरण्याआधी आम्ही फोनच केले. प्रश्न साधे होते. तुम्ही चेक्ससिस्टम्स बघता का? मिटलेली बाकी असेल तर काय करता? पहिल्या ठिकाणी स्पष्ट नकार आला. गेल्या बारा महिन्यांत मिटवलेली नोंद असेल तर थांबा, असा त्यांचा नियम होता. ताई त्या दिवशी पुन्हा गप्प झाल्या. दुसऱ्या ठिकाणी फोनवरच्या मुलीनं सांगितलं, "सगळे कागद घेऊन शाखेत या, आमच्या मॅनेजर बघतील."

शाखेत जाताना मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली होती. नाव मशीनमध्ये टाकायच्या आधी आपणच सांगायचं. त्यांनी तसंच केलं. तडजोडीचं पत्र, हप्त्यांच्या पावत्या, दुरुस्त झालेला अहवाल, पगाराच्या दोन चिठ्ठ्या, ओळखपत्र आणि घरमालकाचं पत्र टेबलावर मांडलं. मॅनेजरनी सगळं वाचलं. पाच डॉलरचा भाग घेऊन बचत खातं त्याच दिवशी उघडलं. चेकिंग खातं, म्हणजे रोजच्या व्यवहारांचं खातं, मात्र लगेच दिलं नाही. सहा महिने पगार इथे जमा होऊ दे, मग देऊ, म्हणाल्या. ताईंना हे अर्धं यश वाटलं. मला तसं वाटलं नाही. दर दोन आठवड्यांनी १,१५० डॉलरचा पगाराचा चेक त्या चेक वटवणाऱ्या दुकानात नेत आणि शेकड्यामागे दोन डॉलर देत. दर खेपेला २३ डॉलर, वर्षाला ५९८. मूळ दंडासहित बाकीपेक्षाही जास्त पैसे त्या काउंटरवर गेले होते. आता पगार थेट खात्यात जमा होऊ लागला. भाड्याचा चेक महिन्यातून एकदा क्रेडिट युनियनच काढून देऊ लागली.

सहा महिन्यांनी चेकिंग खातं आणि डेबिट कार्ड मिळालं. त्या कागदांत ओव्हरड्राफ्टच्या, म्हणजे खात्यात पैसे नसताना रक्कम भरून वर दंड लावण्याच्या, संमतीची एक चौकट होती. २०१०पासून नियम असा आहे, की एटीएम आणि दुकानातल्या एकेका डेबिट व्यवहारावर तुमच्या संमतीशिवाय ओव्हरड्राफ्टचा दंड लावता येत नाही. ताईंनी 'नको'वर खूण केली. मात्र चेक आणि आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांना हे संरक्षण नाही, आणि त्यांना बुडवलं होतं ते त्याच वाटेनं. म्हणून आपोआप वळती होणारी एकही वर्गणी त्यांनी या खात्याला जोडली नाही.

ज्यांना जवळपास अशी क्रेडिट युनियन सापडत नाही, त्यांनी 'बँक ऑन' नावाच्या कार्यक्रमानं प्रमाणित केलेलं खातं शोधावं. ते उघडायला २५ डॉलर किंवा त्याहून कमी लागतात, ओव्हरड्राफ्टचा दंड नसतो, आणि केवळ जुन्या बाकीमुळे बऱ्याचदा नकार मिळत नाही. बँकांप्रमाणे काही क्रेडिट युनियनही ते देतात.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. आता त्या मला मॅडम म्हणत नाहीत, ताई म्हणतात. क्रेडिट युनियनचं पत्र आलं होतं, वार्षिक सभेचं, संचालकांच्या निवडणुकीचं. "ताई, माझ्या खात्यात आठशेच डॉलर आहेत. मला मत देता येतं का?" मी म्हटलं, येतं. त्यांनी सभेची तारीख कालनिर्णयवर लिहून घेतली. त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर त्यांनी आणखी एक तारीख आधीच लिहून ठेवली आहे, पहिली नोंद अहवालातून उतरेल ती. तिला अजून अडीच वर्षं आहेत.