प्रोव्हायडरचा राउटर आहेच, त्यावर मेश वायफाय कसं लावू?

मेश (घरभर एकच वायफाय पसरवणारी दोन-तीन युनिटं) लावल्यापासून नेट चालतंय, पण मोबाइलला प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मेशमध्ये बिघाड नाही. घरात आता दोन राउटर आहेत आणि दोन्ही आपापले आयपी (उपकरणांचे नेटवर्कमधले पत्ते) वाटतायत. प्रिंटर जुन्या वायफायवर राहिला, मोबाइल मेशवर गेला, की दोघं एकमेकांना दिसत नाहीत. यालाच डबल नॅट म्हणतात. मेशच्या अ‍ॅपमध्ये वॅन आयपी (मेशला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा, तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर हेच झालंय.

राउटिंग, म्हणजे आयपी वाटणं आणि नेटची वाहतूक सांभाळणं, एकानेच करायचं. मी म्हणेन, ते प्रोव्हायडरच्या राउटरलाच करू द्या आणि मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (यात तो फक्त वायफाय पसरवतो) टाका. अ‍ॅपमध्ये एक सेटिंग बदललं की झालं. त्या राउटरला लँडलाइन किंवा टीव्हीचा बॉक्स जोडला असेल तर तोही बिनघोर चालू राहतो. फक्त मुलांच्या मोबाइलवर वेळेची मर्यादा घालण्यासारख्या मेशच्या सोयी या मोडमध्ये बऱ्याचदा मिळत नाहीत. त्या हव्याच असतील तर प्रोव्हायडरचा राउटर ब्रिज मोडवर (यात तो नेट फक्त पुढे सोडतो) टाकून मेशला राउटिंग द्या. पण त्याआधी प्रोव्हायडरकडून पीपीपीओईचं, म्हणजे नेट जोडणीच्या लॉगिनचं, युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन आयडी (त्या जोडणीसाठी सेटिंगमध्ये भरायचा क्रमांक) मागून घ्या. ते हाताशी नसताना ब्रिज केलंत तर नेटच बंद पडेल. आणि राउटर ब्रिजवर, मेशही अ‍ॅक्सेस पॉइंटवर, असं करू नका. मग आयपी वाटायला कोणीच उरत नाही.

काहीही निवडा, जुन्या राउटरचं वायफाय बंद करा. नाहीतर मोबाइल त्याच अशक्त सिग्नलला चिकटून बसतो. मेशला जुनंच नाव आणि पासवर्ड दिलात तर बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातील, प्रिंटरसुद्धा.

आता जागा. जिथे रेंज नाही नेमक्या त्याच खोलीत लोक दुसरं युनिट ठेवतात. तिथे त्यालाच सिग्नल पोचत नाही, ते पुढे काय देणार? ते पहिलं युनिट आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे दोन युनिटांमध्ये केबल टाका. ड्युअल बँड (दोनच वायफाय बँड असलेल्या) मेशमध्ये युनिटं आपसात बोलतात त्याच बँडवर तुमचे मोबाइलही असतात, त्यामुळे लांबच्या खोलीत स्पीड निम्म्यावर येऊ शकतो. केबल टाकली की तो भार उतरतो. कॅट ५ई प्रकारची केबल पुरेशी आहे, तिच्यावरून १०० मीटरपर्यंत गिगाबिट स्पीड जातो.