जर्मनीत टीम लीड म्हणून जाताना: काय बदलावं लागेल, काय नाही

नमस्कार. भारतात काही वर्षं सॉफ्टवेअर टीम सांभाळलीत, आता श्टुटगार्टला टीम लीड म्हणून निघालात, निम्मी टीम तिथे असेल आणि निम्मी भारतातच राहील. अशा वेळी लोकांकडून काम करून घेण्याची आजवरची पद्धत चालेल का, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं जर्मनीत हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माणूस ओळखायची, अडलेल्याच्या मदतीला धावायची सवय अजिबात सोडू नका, तिची तिथेही कदर होते. बदलावं लागेल ते निर्णय घेणं आणि पाठपुरावा करणं.

आधी निर्णयाबद्दल. डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणातून काही निर्देशांक काढले होते. वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर लोक किती सहज स्वीकारतात, याच्या निर्देशांकात भारत 77 वर आहे आणि जर्मनी 35 वर. एकेका माणसाला हे आकडे लावू नयेत, पण रोजच्या कामात हा फरक जाणवतो. तुम्ही एखादा आराखडा मांडाल आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली मुलगी सगळ्यांसमोर सांगेल की हे चालणार नाही. तो तुमचा अपमान नसतो. तिने आराखडा नीट वाचलेला असतो आणि त्यातली चूक वेळेवर सांगणं हे ती आपलं कामच समजते. तिला कारणं विचारा, लिहून घ्या आणि मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर द्या. ‘मी लीड आहे’ एवढ्यावर विषय मिटवलात, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल आणि ती चूक ग्राहकाकडे पोहोचेल.

म्हणून बैठकीच्या दोन दिवस आधी मुद्दे आणि कागदपत्रं पाठवा. चर्चा लांबते. भारतातून आलेल्यांना ती कंटाळवाणी वाटते, कारण आपल्याला पटकन ठरवून वाटेत दुरुस्त करत जायची सवय असते. तिथे एकदा ठरलं की लोक त्याप्रमाणे चोख काम करतात. वरून फोन आला म्हणून पुढच्या आठवड्यात तो निर्णय फिरवणं त्यांना सगळ्यात जास्त खुपतं. फिरवावाच लागला, तर काय नवीन कळलं ते आधी सांगा.

आता पाठपुरावा. रोज ‘कुठपर्यंत आलं?’ असं विचारलंत की अनुभवी माणसाला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. त्याला उद्दिष्ट द्या, मर्यादा सांगा, तारीख ठरवा आणि कुठे अडलं तर तुमच्याकडे यायचं तेही आधीच ठरवा. मग बाजूला व्हा. मात्र हे सगळ्यांना सरसकट लागू करू नका. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडलेला विचार मला आजही उपयोगी वाटतो: माणसाची त्या विशिष्ट कामातली तयारी बघून आपली पद्धत ठरवायची. वीस वर्षं मुरलेला इंजिनिअरही नव्या तंत्रावर काम करताना नवखाच असतो, तेव्हा त्याला बारकाईनं सांगणारं कुणीतरी हवं असतं.

कायद्याची चौकट पहिल्याच आठवड्यात समजून घ्या, कारण लीड म्हणून तिची जबाबदारी तुमच्यावरही येते. दिवसाचं काम 8 तासांचं. ते 10 तासांपर्यंत नेता येतं, पण सहा महिन्यांची सरासरी 8 वर यायला हवी. एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत सलग 11 तासांची विश्रांती लागते. कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असेल, तर ओव्हरटाइम लावायला आणि कामावर लक्ष ठेवू शकेल असं सॉफ्टवेअर बसवायला तिची संमती लागते. आपल्याकडून गेलेले काही मॅनेजर या समितीला विरोधक समजतात. मला ते चुकीचं वाटतं. रिलीजच्या महिनाभर आधी त्यांच्याशी बोललात, तर मार्ग निघतो. आजारी माणसाला घरी फोन करून काम विचारू नका. रजेवरच्यालाही नाही.

खरी कसोटी भारतातल्या निम्म्या टीमची आहे, आणि तिकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. श्टुटगार्टमध्ये शिकलेला थेटपणा कॉलवर तसाच वापरलात, तर भारतातली मुलं दुखावतात आणि अडचणी सांगेनाशी होतात. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असं विचारू नका. ‘शुक्रवारपर्यंत काय राहून जाईल असं वाटतं?’ असं विचारा. चूक दाखवायची असेल तर एकेकट्याशी बोला. जर्मन सहकाऱ्यांनाही समजावून सांगा की कॉलवर शांत बसलेल्याकडे मत नसतं असं नाही, त्याला नाव घेऊन बोलवावं लागतं. वेळेचंही पाहा. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणून एकत्र बैठका जर्मनीच्या सकाळीच ठेवा. दुपारी चारची बैठक जर्मनीत सोयीची असते, पण भारतातल्यांची संध्याकाळ त्यात जाते आणि बोलून दाखवायला कुणी धजत नाही. ते तुम्हीच बोलायला हवं. दोन्हीकडची माणसं जवळून ओळखणारे त्या टीममध्ये बहुधा तुम्ही एकटेच असाल.

कौतुक तिथे मोजक्या शब्दांत होतं. ‘ठीक आहे’ एवढं ऐकू आलं तरी समाधान माना. भाषेचं म्हणाल तर कामकाज इंग्रजीत असलं तरी जर्मन शिकायला जाण्याआधीच सुरुवात करा. लोक मनातलं जेवणाच्या टेबलावर बोलतात, आणि ते जर्मनमध्ये.

आणि करारावर सही करण्यापूर्वी भावी मॅनेजरला दोन गोष्टी विचारून घ्या. कोणते निर्णय तुम्ही एकट्यानं घेऊ शकता? आणि भारतातल्या लोकांचं वार्षिक मूल्यमापन कोण करणार, तुम्ही की भारतातला मॅनेजर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. ते मोघम राहिलं, तर त्या निम्म्या टीमची जबाबदारी तुमच्यावर येईल, पण त्यांच्या बढतीत तुमच्या मताला जागा नसेल.